व्हिडिओ कुठे थांबवायचा

पवनी, लाखांदूर, साकोली या बाजूच्या पाचवीच्या मुलांना विचारून पाहा, बांधीत पाणी कुठून येतं? पाटातून. पाटात कुठून येतं? तलावातून. मग पाळीच्या पलीकडे साठलेलं पाणी पाळीच्या अलीकडे येतं कसं? इथे वर्ग जरा थांबतो. कोणीतरी म्हणतं, 'तुडुमातून.' शब्द गावातल्या सगळ्यांच्या तोंडी असतो. पण तुडुम काम करत असतो तेव्हा त्याचं तोंड पाण्याखाली असतं, आणि तलाव आटतो तेव्हा त्याला काही काम नसतं. मुलाने तलावात अंघोळ केलेली असते, मासे धरलेले असतात, पण पाणी आत शिरताना पाहिलेलं नसतं.

शैक्षणिक व्हिडिओची खरी गरज अशा जागी लागते. जे झाकलेलं आहे, फार सावकाश घडतं, डोळा लवायच्या आत घडतं किंवा फार लांब आहे, ते व्हिडिओने दाखवावं. कोशाची अळी ऐनाच्या पानावर आपल्याभोवती कोष विणते, त्याला काही दिवस लागतात. तो सगळा काळ मिनिटभरात दाखवता येतो. उलट जे गावाच्या शिवेवर दिसतं, त्याचा व्हिडिओ वर्गात लावणं म्हणजे मुलांना खिडकीकडे पाठ करून बसवणं. पऱ्हे उपटून रोवणी कशी करतात हे भंडारा जिल्ह्यातल्या मुलाला पडद्यावर दाखवू नये. तेच मुंबईच्या मुलाला जरूर दाखवावं.

तर मामा तलावाच्या तुडुमावर तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि तो शिकवायला वापरायचा, असं धरून चालू. एक साधा विषय शेवटपर्यंत नेला की बाकीचं आपोआप कळत जातं.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी शतकांपूर्वी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचा 'मामा' झाला. जुन्या पद्धतीच्या तुडुमात पाळीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक अशी भोकं असतात, प्रत्येकाला दट्टा असतो. धानाला पाणी हवं झालं की वरचा दट्टा काढायचा. पाणी त्या भोकाच्या खाली गेलं की त्याखालचा. असं उतरत उतरत तलाव वापरायचा. तळाचा दट्टा आधी का काढत नाहीत? कारण तिथे पाण्याचा दाब सर्वांत जास्त. भरल्या तलावात तो दट्टा निघणं कठीण, आणि निघालाच तर धार आवरणं त्याहून कठीण.

एवढं सांगायला तीन मिनिटं पुरतात. पण तीनच का, दहा का नाहीत? 'आजकाल मुलांचं लक्ष टिकत नाही' असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आपल्या भागात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. माणसं, लेकरं, म्हाताऱ्या थंडीत घोंगड्या घेऊन बसतात आणि एक प्रवेश चुकवत नाहीत. लक्ष भरपूर आहे. पण नाटकाच्या शेवटी कोणी परीक्षा घेत नाही, तिथे गोष्टीसोबत वाहत गेलं तरी चालतं. नवी कल्पना शिकताना वाहून चालत नाही. एकेक तुकडा हातात धरावा लागतो, आधीच्या माहितीशी जोडावा लागतो. मनाची ही धरण्याची जागा फार लहान असते. ती भरली की पुढचं सांडतं, तलाव भरल्यावर सांडव्यावरून पाणी जातं तसं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी आयुष्याचा मोठा काळ या एका प्रश्नावर घालवला: चित्र आणि शब्द एकत्र आले की माणूस शिकतो कसा? त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की डोळ्यांची वाट वेगळी आणि कानांची वाट वेगळी, आणि दोन्ही वाटा अरुंद. चित्र डोळ्यांनी आणि बोलणं कानांनी आलं तर दोघं मिळून काम होतं. पण पडद्यावर परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवला, तर डोळे वाचण्यात गुंततात आणि चित्राला वाट उरत नाही. शोभेसाठी टाकलेलं संगीत, उडती फुलपाखरं, गरगर फिरून येणारं शीर्षक, ही सगळी त्याच अरुंद वाटेवरची गर्दी. शाळांच्या गटांवर फिरणारे पुष्कळ व्हिडिओ इथेच अडखळतात. ढोलकीच्या गजरात पहिलं पाऊण मिनिट शाळेचं नाव, बोधचिन्ह आणि मार्गदर्शकांची नावं. मन सर्वांत ताजं असताना ते भलत्याच गोष्टीला वाहिलेलं असतं.

लांबीबद्दल एक मोठी पाहणी आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, मधला प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे फारसा टिकत नव्हता. ते प्रेक्षक प्रौढ होते, आपणहून शिकायला आलेले होते. दहा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या निम्मं धरणं योग्य.

अरविंद गुप्तांचे खेळणी-व्हिडिओ या बाबतीत आदर्श मानावेत. पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर शेकडो चित्रफिती केल्या. बहुतेक एक-दोन मिनिटांच्या, मराठीसह कितीतरी भाषांत. पडद्यावर काय असतं? दोन हात, कात्री, स्ट्रॉ, आगपेटीच्या काड्या. मूल बघतं आणि लगेच स्वतःचं सामान शोधू लागतं. व्हिडिओ संपल्यावर हाताला काम मिळतं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

आता आपला व्हिडिओ. मोबाइल हातात घेण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहायचा: 'भरलेल्या तलावात तुडुमाचं कुठलं भोक आधी उघडतात, आणि का?' या प्रश्नाच्या उत्तराला जे लागत नाही ते सगळं गाळायचं. तलावाचा इतिहास सुंदर आहे, पण त्याचा व्हिडिओ वेगळा. मासेमारी, कमळकंद, पाणपक्षी, सगळे वेगळे. हे गाळणं शिक्षकाला जड जातं, कारण त्याला सगळंच सांगायचं असतं. तरी ते करावंच लागतं.

मग सहा-सात चौकटी आखायच्या. पहिल्या चौकटीत पाळीवर उभं राहून दिसणारं पाणी आणि मागे वाहणारा पाट. दुसऱ्या चौकटीत फळ्यावर काढलेला तलावाचा उभा छेद, म्हणजे पोळी मधून कापल्यावर दिसावी तशी पाळ, तुडुम, भोकं. तिसरीत प्रश्न. आणि चौथीत एक बाटली.

बाटलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन सारखी भोकं पाडायची, पाणी भरायचं आणि धारा पाहायच्या. खालची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र पुस्तकांत सर्रास दिसतं. पण बाटली जमिनीवर ठेवून प्रयोग केला तर बहुधा मधली धार लांब पडलेली दिसते! खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने निघतं हे खरं, पण जमीन अगदी जवळ असल्याने त्याला लांब जायला वेळच मिळत नाही. बाटली उंच बाकाच्या कडेवर ठेवा, मग खालची धार लांब पडेल. चित्रीकरणाआधी प्रयोग स्वतः करून पाहिला नाही, तर बोलणं एक सांगतं आणि चित्र दुसरंच दाखवतं. चुणचुणीत मूल ते बरोबर पकडतं. पकडलं तर आनंदच, पण सर काही बोलले नाहीत तर ते मूल पुढच्या वेळी गप्प राहतं.

चित्रीकरणात आवाज आधी, चित्र नंतर. चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं समजून घेतात, शब्द कळला नाही तर सगळंच गेलं. पंखा बंद करा. टिनाच्या छपराखाली पावसात बोलू नका. तलावावर वारा असतो, तिथे नुसतं चित्र घ्या आणि आवाज नंतर खोलीत गोधडीजवळ बसून भरा, कापड घुमणं शोषतं. मोबाइल आडवा धरा, विटांच्या चळतीवर टेकवा. आणि दर्जाचा मोह आवरा. १०८० च्या दर्जाने चित्रण केलं तर एका मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास फाइल होऊ शकते, ती गावातल्या नेटवर्कवर पालकांच्या मोबाइलपर्यंत पोचत नाही. फळ्यावरची अक्षरं वाचता येतील इतपत दर्जा ठेवून फाइल आटोपशीर करावी.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत जवळचा. पुस्तक 'भाताची शेती' म्हणतं. आमच्याकडे भात ताटात असतो, शेतात धान असतं. पुस्तकातलं खाचर म्हणजे आमची बांधी, रोपं म्हणजे पऱ्हे, लावणी म्हणजे रोवणी, बांध म्हणजे धुरा. शिक्षक जर पुणे-मुंबईच्या व्हिडिओवरच अवलंबून राहिला तर मुलाला पाणी आणि शब्द दोन्ही एकाच वेळी उलगडावे लागतात. अरुंद वाटेवर दुहेरी ओझं. म्हणून आपल्या व्हिडिओत पहिल्यांदा 'बांधी' म्हणावं, मग 'पुस्तकात हिला खाचर म्हणतात' असं एकदा सांगून पुढे जावं. मूल दोन्ही शब्दांचं धनी होतं. झाडीबोलीत बोललं म्हणजे अशुद्ध झालं, ही भीती शिक्षकांनी मनातून काढावी.

इथवर झाली सोपी बाजू. व्हिडिओ लावल्यानंतरचं काम अवघड.

आपल्याकडे पडद्यावरून शिकवण्याचा अनुभव जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहत एक पिढी वाढली, आणि २०१७ साली ती बंद झाली. टाळेबंदीत २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागायची. मोबाइल नसलेल्या घरांना तिचा खरा आधार झाला. या सगळ्यांत एक अडचण सारखीच होती: शिक्षकाला कार्यक्रम थांबवता येत नव्हता. तासाला कार्यक्रम लागे, वाहून जाई. आज तो थांबवता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, २०१७ साली केंद्राचं 'दीक्षा' हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ डिसले यांना मिळालं. आता पुस्तकातल्या पाठापासून व्हिडिओपर्यंत एका स्कॅनचं अंतर. पण तो थांबवायची कळ वापरली नाही, तर आपण १९८४ मध्येच आहोत.

कुठे थांबवायचा? आपल्या व्हिडिओत तीन जागा आहेत.

पहिली जागा प्रश्न विचारल्याबरोबर. पडद्यावर तुडुमाचा छेद आहे, आवाज विचारतो, 'कुठलं भोक आधी उघडायचं?' इथे थांबवा. प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं, कारणासह. नुसतं हात वर करून चालत नाही, कारण हुशार मुलांच्या हाताकडे बघून बाकीचे हात वर जातात. अर्धा वर्ग बहुधा लिहील, 'खालचं, म्हणजे सगळं पाणी येईल.' हे उत्तर चुकीचं असलं तरी विचाराचं आहे. ते फळ्यावर लिहा, पुसू नका.

ऑस्ट्रेलियात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या कामात नेमकी ही गोष्ट तपासली. वर फेकलेल्या वस्तूवर कुठलं बल लागतं, यासारख्या विषयावर विद्यार्थ्यांच्या एका गटाला स्वच्छ, सरळ समजावणारा व्हिडिओ दाखवला. विद्यार्थी म्हणाले, छान होता, सगळं कळलं. चाचणीत मात्र जवळपास तीच जुनी उत्तरं. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी लोकांची नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवली होती, मग ती मोडली होती. हा व्हिडिओ त्यांना गोंधळात टाकणारा वाटला, डोक्याला ताण पडला, पण गुण वाढले. मनात आधीच एक उत्तर ठाण मांडून बसलेलं असतं. त्याला हलवल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही. म्हणून व्हिडिओ पुढे नेण्यापूर्वी मुलाने स्वतःचं उत्तर कागदावर उतरवणं इतकं महत्त्वाचं.

दुसरी जागा बाटलीच्या प्रयोगात. तिन्ही भोकांवर बोटं आहेत, आता बोटं उचलली जाणार. थांबवा. कुठली धार लांब जाईल? आता ज्यांनी आधी चुकीचं लिहिलं त्यांनाच विचारा. मग व्हिडिओ सोडा. ओरडा होतो, होऊ द्या. पुन्हा मागे न्या, आवाज बंद करून लावा, आणि एका मुलीला वर्गाला समजावून सांगायला उभं करा. व्हिडिओचं चित्र, मुलीचा आवाज. तिला काय कळलं आणि काय नाही, दोन्ही अर्ध्या मिनिटात बाहेर येतं.

तिसरी जागा शेवटी, पडदा काळा झाल्यावर. पुढचा व्हिडिओ लगेच लावू नका. वही बंद, आणि तुडुमाचा छेद आठवून काढायचा. २०१३ च्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्या गटाचं मन कमी भटकलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटी त्यांना आठवलंही जास्त. तेच चित्र आठ दिवसांनी पुन्हा काढायला लावा.

अशा रीतीने तीन मिनिटांच्या व्हिडिओला तीस मिनिटं लागतात. व्हिडिओने वेळ वाचतो असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरावं. मात्र दोनशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत तिसरी-चौथी बसते, तिथे त्याचा वेगळा उपयोग आहे. चौथीच्या पाच मुलांना टॅब आणि थांबण्याच्या जागा लिहिलेलं प्रश्नांचं कार्ड द्यायचं. एकाने कळ सांभाळायची, एकाने प्रश्न वाचायचा. तोवर सर तिसरीला भागाकार शिकवतात. रोवणीच्या दिवसांत लहान भावंडांना सांभाळायला घरी राहिलेल्या मुलीसाठी तोच व्हिडिओ मोठ्या भावाच्या मोबाइलवर पोचतो, कार्डासकट. कार्ड नसेल तर तो नुसताच आणखी एक व्हिडिओ.

वय वाढलं तरी रीत तीच राहते, थांबण्याच्या जागा बदलतात. पहिली-दुसरीला एका मिनिटाच्या आत थांबावं आणि हात-पाय हलवायचं काम द्यावं. दहावीच्या मुलाला कळ त्याच्याच हाती द्यावी, पण कुठे थांबला आणि का, हे लिहून घ्यावं.

आजीचं काय? नवभारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला 'उल्लास' म्हणतात, १५ वर्षांवरचे निरक्षर लोक गावातल्या स्वयंसेवकांकडून शिकतात. १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. इथे व्हिडिओत अक्षर कसं गिरवायचं ते दाखवण्यापेक्षा बँकेची पावती, एसटीची पाटी, गॅसची चिठ्ठी दाखवावी. आणि आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ पासून लावून धरलेली कल्पना वापरावी: ज्या भाषेत गाणं, त्याच भाषेत खाली ओळी, आणि शब्द गायला जाताना तो रंगत जाणार. आजीला गाणं पाठ असतं, तिला फक्त त्या आवाजाचं रूप ओळखायचं असतं. वर मायर यांचं म्हणणं सांगताना पडद्यावर लिहून तेच वाचू नये असं म्हटलं, त्याला हा मोठा अपवाद. इथे वाचायला शिकणं हाच विषय आहे.

शेतकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखं काम 'डिजिटल ग्रीन'चं. २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ते सुरू झालं. गावातल्याच शेतकऱ्याचं काम चित्रित करायचं, शेजारच्या गावात छोट्या गटाला दाखवायचं, आणि ओळखीच्या माणसाने मध्ये मध्ये थांबवून विचारायचं. तिथे एक गोष्ट लक्षात आली. पाहणारे पहिल्यांदा विचारत, हा माणूस कोण, कुठल्या गावचा? आपल्यासारखाच आहे म्हटल्यावर पुढचं ऐकत. आपल्याकडे धानावरच्या तुडतुड्यांचा व्हिडिओ याच रीतीने व्हावा. हे किडे बुंध्याशी, पाण्याच्या लगत बसतात. फवारा मात्र वरच्या पानांवर पडतो. शेजारच्या गावच्या बाईने धानाचा चूड हाताने बाजूला करून बुंधा दाखवावा, तिथेच व्हिडिओ थांबवावा, आणि सगळ्यांनी उठून जवळच्या बांधीत जाऊन स्वतःच्या हाताने चूड बाजूला करावा. परत आल्यावर पुढचा भाग.

पाचवीच्या वर्गालाही शेवटी उठायचंच आहे. चित्र काढून झालं की मुलांना पाळीवर न्यावं. पाणी कुठवर आहे ते काठीने मोजावं, तुडुम कुठे असेल याचा अंदाज घ्यावा, पाटाकडच्या बाजूने पाणी येतंय का पाहावं. जवळपास ढिवर समाजाचे कोणी आजोबा जाळं विणत बसलेले असतील तर त्यांना विचारावं, त्यांना तलावाचा तळ ठाऊक असतो. आणि मागे राहिलेला एखादा मुलगा हळूच विचारील, 'सर, तुडुमातून मासा पाटात येते काय जी?'

व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं. सरांनी तिथेच खिशातून कागद काढावा आणि पुढच्या तीन मिनिटांचा प्रश्न लिहून घ्यावा.